अकरा बिया आणि राजूरची वाट

मे महिना संपत आला की तुमच्याही मोबाइलवर भाजीच्या बियांच्या जाहिराती सुरू होतात का? माझ्या होतात. जांभळी भेंडी, काळे टोमॅटो, पांढरी वांगी, हातभर लांब चवळी. सगळ्यांवर ‘देशी’, ‘गावरान’ किंवा ‘हेअरलूम’ असा शिक्का. रात्री झोपण्यापूर्वी अंथरुणात पडल्या पडल्या आपण एक एक पाकीट कार्टमध्ये टाकत जातो आणि सकाळी लक्षात येतं, की आपल्याकडे गच्चीचा एक कोपरा आहे, शेत नाही.

गेल्या वर्षी माझ्या यादीत तेवीस वाण होते. पुण्यातल्या आमच्या सोसायटीने गच्चीचा पूर्वेकडचा भाग झाडांसाठी वापरायला दिला आहे. त्यात माझ्या वाट्याला येते ती जागा साधारण दहा फूट बाय सहा फूट. तेवीस वाण आणि साठ चौरस फूट! गणित कच्चं असलं तरी हे जमणार नाही एवढं मलाही कळत होतं.

त्याच आठवड्यात आईला माळ्यावर आजीचा डबा सापडला. आजीला, म्हणजे आईच्या आईला, जाऊन दोन वर्षं झाली होती. डब्यात सुया, बटणं, एक जुनं पासबुक आणि औषधाची एक छोटी बाटली होती. बाटलीच्या तळाशी राख आणि राखेत घेवड्याच्या बिया. तपकिरी, प्रत्येकीच्या कडेला ती ओळखीची पांढरी रेघ. मी मोजल्या. अकरा.

आजी संगमनेरला असताना तिच्या परसात हा घेवडा मांडवावर चढलेला असायचा. शेंग हिरवी आणि तिची कड जांभळी, जणू कोणी पेनाने रेघ ओढली आहे. बटाटा घालून केलेली त्याची भाजी मला लहानपणी अजिबात आवडायची नाही, हे कबूल करायला हवं. आता ती कुठेच मिळत नाही म्हणून ती आठवते. आई म्हणाली, “हे बी आजीच्या माहेरचं. राजूरकडचं.” माझी तेवीस वाणांची यादी तिथेच बाजूला पडली. या अकरा बियांचं काय करायचं, हा प्रश्न मोठा झाला.

मग आम्ही दोघी निघालो.

पुण्याहून राजूरला जायचं तर नाशिकची एसटी धरून संगमनेरला उतरायचं, तिथून अकोले आणि अकोल्याहून पुढे भंडारदऱ्याच्या रस्त्याला राजूर. हे अकोले म्हणजे विदर्भातलं अकोला नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा तालुका. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, याच तालुक्याच्या हद्दीवर आहे. मेच्या शेवटी तुम्ही काजवे बघायला भंडारदऱ्याला गेला असाल तर याच रस्त्याने गेला असाल, आणि बहुधा गाड्यांच्या रांगेत अडकला असाल.

वाटेत नारायणगाव लागतं. इथला टोमॅटोचा बाजार प्रसिद्ध आहे. क्रेटवर क्रेट रचलेले, सगळे टोमॅटो एका मापाचे, एका रंगाचे. खिडकीतून बघताना मला प्रश्न पडला, की हे आणि माझ्या यादीतले ते ‘हेअरलूम’ टोमॅटो यात नेमका फरक काय? खरं तर टोमॅटो आणि मिरची दोन्ही मूळ अमेरिका खंडातल्या, समुद्रापारहून आलेल्या. मग त्यांना गावरान म्हणायचं तरी कसं?

उत्तर असं आहे, की वाण पहिल्यांदा कुठून आला यापेक्षा तो बियांतून पुढे तसाच उगवतो का, हे महत्त्वाचं. बाजारातलं संकरित बी दोन निवडक वाणांचा संकर करून बनवलेलं असतं. त्याचं पहिलं पीक एकसारखं आणि भरघोस येतं. पण त्या फळाचं बी पुन्हा लावलं तर झाडं वेगवेगळी निघतात. एकाला मोठं फळ, एकाला बारकं, एक रोगट. म्हणून दरवर्षी नवं पाकीट. घरात राखलेला जुना वाण मात्र आईसारखीच लेक देतो. एखाद्या गावाने तो पन्नास-शंभर वर्षं राखला, तिथल्या मातीला, पावसाला सरावू दिला, की तो त्या गावचा होतो, मग त्याचे पूर्वज कुठूनही येवोत.

संकरित बी वाईट असं मी म्हणणार नाही. त्या क्रेटांवर कित्येक घरं चालतात. पण ज्याला फक्त घरापुरतं पिकवायचं आहे, त्याने दरवर्षी पाकीट का विकत घ्यावं?

अकोल्यात प्रवरा ओलांडून पुढे गेलो की जमीन बदलते. उसाचे मळे मागे पडतात, डोंगर जवळ येतात. मेच्या अखेरीस शेतातून काळे चौकोन दिसतात. ते राब. पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून भाजलेली जमीन, भाताची रोपं तयार करण्यासाठी. एसटीच्या खिडकीतून धुराचा आणि करवंदांचा वास एकदमच येतो. रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन मुली बसलेल्या. आईने दोन द्रोण घेतले आणि राजूरला पोहोचेपर्यंत संपवले. राजूरचे पेढे घ्यायचे ते परतताना, असं तिने आधीच जाहीर केलं होतं.

आईच्या मामेभावाचं घर राजूरहून थोडं आत, एका वाडीवर आहे. त्यांची बायको म्हणजे माझी मामी. वय साठीच्या आसपास. आम्ही ओसरीवर टेकलो, पाणी प्यायलो आणि मी लगेच बाटली काढली. मामींनी बिया तळहातावर घेतल्या, उन्हात धरल्या, एक बी नखाने दाबून पाहिलं.

“आत्याबाईंचा हाये ह्यो. जांभळ्या कडंचा.”

“तुमच्याकडे आहे का मामी?”

“व्हता. सासूबाई व्हत्या तवर व्हता. एका वर्साला पाऊस लई लागला, बी कुजलं. मग ऱ्हाऊनच गेला.”

मी पुण्याहून हेच गृहीत धरून आले होते, की इथे पोतंभर असेल आणि मला मूठभर मिळेल. म्हणजे आता आमच्या ओळखीच्या जगात या घेवड्याच्या अकराच बिया होत्या आणि त्या माझ्या पर्समध्ये फिरत होत्या.

मामींनी त्यांच्याकडचं बी दाखवलं. चुलीच्या वर, धुरात, आढ्याला मक्याची कणसं बांधलेली. कोपऱ्यात मातीची गाडगी, तोंडं शेणामातीने लिंपलेली. एकेक उघडत गेल्या. पांढऱ्या बीचा घेवडा, काळ्या बीचा घेवडा, चवळी, डांगर, दोडका. राखेत घोळलेलं बी, वर कडुनिंबाचा पाला. मागच्या परसात एक पिवळी जर्द, जाडजूड काकडी वेलावर होती. तिच्या देठाला लाल चिंधी बांधलेली. ती बियाण्याची. चिंधी दिसली की घरातलं कोणी तिला हात लावत नाही, पोरंसुद्धा नाही. कोणती काकडी बियाण्याला ठेवायची? मामी म्हणाल्या, वेल जोमात असताना आलेली, सगळ्यांत चांगली. शेवटी उरलेली वाकडीतिकडी नाही. आपण शहरात नेमकं उलटं करतो ना? चांगलं ते खातो आणि जून झालेलं, विसरलेलं ते बियाण्याला ठेवतो.

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. महादेव कोळी समाजातल्या, कधी शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी घरोघरचे जुने वाण गोळा करून, ‘बाएफ’ या संस्थेच्या साथीने बियाण्यांची बँक उभी केली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्या होत्या आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घेवड्याचे आणि वालाचे कितीतरी प्रकार त्यांच्या संग्रहात आहेत. आमच्या हातात एकच दिवस होता, त्यामुळे कोंभाळण्याला जाणं राहिलं. पण मामींचं घर पाहून कळलं, की ही बँक हवेतून आलेली नाही. या भागात जवळजवळ प्रत्येक घरात एक छोटी बँक होती. ती एकेक करून बंद पडत गेली, तेव्हा कोणालातरी मोठी उघडावी लागली.

रात्री जेवणं झाल्यावर मी मामींना माझी तेवीस वाणांची यादी वाचून दाखवली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. “घरात खाणारी किती? ऊन कवर ऱ्हातं? आन तू पानी घालायला घरी असती का?”

खाणारे तीन. ऊन सकाळी सातपासून साधारण एक वाजेपर्यंत. पाणी, ऑफिसचे दिवस सोडून.

त्यांनी यादीतून नावं उडवायला सुरुवात केली. डांगर आणि कोहळा पहिल्यांदा गेले. त्यांचा वेल गच्चीभर पळेल आणि शेजारी भांडतील. काकडी आणि दोडका दोन्ही हवेत? मांडव एकच आहे, एकच घे. वांग्याचे चार वाण? एकच लाव. दोन वाण जवळ लावलेस तर मधमाशा त्यांची सरमिसळ करतील आणि पुढच्या वर्षी बी कुठलं ते कळायचं नाही. हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण पुस्तकही तेच सांगतं. घेवडा, चवळी, टोमॅटो ही बहुतेक स्वतःच्याच फुलात फळणारी झाडं. तुम्ही पहिल्यांदाच बी राखणार असाल तर यांच्यापासून सुरुवात करा. भेंडी, वांगं, मिरची यांत थोडीफार सरमिसळ होते. काकडी, दोडका, दुधी यांत नर आणि मादी फुलं वेगळी, त्यामुळे शेजारच्या गच्चीवरचा वाणही तुमच्या काकडीत उतरू शकतो. काकडी आणि कारलं मात्र जवळ असले तरी एकमेकांत मिसळत नाहीत.

माझ्या यादीत उडुपीजवळच्या मट्टू गावचं ‘मट्टू गुळ्ळ’ वांगंही होतं आणि जळगावचं भरताचं वांगंही. दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, जळगावच्या वांग्याला २०१६ मध्ये मिळालं. त्याच वर्षी साताऱ्याच्या वाघ्या घेवड्याला आणि भिवापूरच्या मिरचीलाही. मी ही नावं मोठ्या अभिमानाने वाचली. मामी हसल्या. “ते त्येंच्या मातीत चांगलं. तू तुझ्या दारचं आधी बघ.” मला तेव्हा थोडा रागच आला. पण विचार केला तर मानांकनाचा अर्थही तोच नाही का, की ही चव त्या जागेची आहे? तुम्ही इंदूरला असाल, बडोद्याला किंवा बेंगळुरूला, तर पुण्याच्या माणसाची यादी तुम्हाला फारशी उपयोगाची नाही. तुमच्या गावच्या आठवडे बाजारात कोपऱ्यात बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना विचारा, त्यांच्या घरी काय लावतात. घेवड्याचंच बघा ना. सुरतेची पापडी उंधियूत जाते, रायगडात वालाच्या शेंगांची पोपटी लागते, बेंगळुरूला थंडीत अवरेकाईचा हंगाम सुरू झाला की स्वयंपाकघरात दुसरा विषय नसतो. एकाच कुळातल्या शेंगा आणि प्रत्येक गावात वेगळ्या.

शेवटी यादीत पाच उरले. घेवडा, काकडी, मिरची, भेंडी आणि अंबाडी. अंबाडी आईच्या हट्टाने.

आता अकरा बियांचा प्रश्न. मी ठरवलं होतं, की घरी नेऊन सगळ्या लावायच्या. मामी म्हणाल्या, “सगळं बी कधी मातीत घालू नको. आन सगळं एका घरात बी ठिवू नको. मला दे थोडं.”

खरं सांगते, मला द्यायचं नव्हतं. त्यांच्याकडून एकदा कुजलं होतंच की! हे मनात आलं आणि लाजही वाटली, कारण मुळात ते बी त्यांच्याच अंगणातून आजीबरोबर संगमनेरला गेलं होतं. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी पाच बिया मोजून मामींच्या हातावर ठेवल्या. त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारली. सकाळी निघताना त्यांनी त्यांच्याकडच्या काकडीचं, मिरचीचं, भेंडीचं आणि अंबाडीचं बी वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून दिलं. पैसे विचारायची हिंमत मला झाली नाही. तसं, शेतकऱ्याने आपलं राखलेलं बी ठेवावं, वाटावं, विकावंसुद्धा, फक्त ब्रँडच्या नावाने विकू नये, असं २००१ च्या कायद्यातच आहे. मामींना तो कायदा ठाऊक असण्याचं कारण नाही.

मृग लागला, पहिला पाऊस झाला. सहापैकी चार बिया मी पंधरा इंची दोन ग्रो बॅगांत लावल्या, दोन बाटलीत राखून ठेवल्या. माती, शेणखत आणि थोडा कोकोपीट. घेवड्याला मूळ पसरायला जागा लागते, छोट्या कुंडीत तो रुसतो. पाचव्या दिवशी एक कोंब वर आला, आठव्या दिवशी दुसरा. बाकी दोन आलेच नाहीत. बी जुनं झालं होतं. घेवड्याचं बी नीट ठेवलं तर साधारण तीन वर्षं चांगलं उगवतं, कांद्याचं वर्षभरातच दम सोडतं. आजीने हे बी नक्की कधी भरलं, ते विचारायला आता कोणी नव्हतं.

दोनपैकी एक कोंब गोगलगायीने एका रात्रीत खाल्ला. सकाळी देठ तेवढा उभा. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून रडले, हे इथे पहिल्यांदाच सांगते आहे.

उरलेला वेल मात्र भयंकर वाढला. जुलैत जाळीवर, ऑगस्टमध्ये पाण्याच्या टाकीवर. नुसती पानं. फूल एक नाही. सप्टेंबरमध्ये सोसायटीतून निरोप आला, की टाकीवरचा ‘तो रानटी वेल’ काढा. गणपती झाले, पितृपक्ष झाला, फुलाचं नाव नाही. मला वाटलं, शहराच्या हवेत तो वांझ झाला. कात्री घेऊन वर गेले आणि आधी मामींना फोन लावला.

“आगं, दिस ल्हान होऊ दे की!” त्या म्हणाल्या. “दिवाळीचा घेवडा हाये तो. आत्ताच कसा फुलंल?”

त्या बोलल्या ते अगदी शास्त्र आहे. घेवड्याचे बरेच जुने वाण दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली, की मगच फुलतात. नव्या वाणांतून हा गुण पुष्कळदा काढलेला असतो, म्हणून ते कधीही लावा, फुलतात. माझी चूक वाण निवडण्यात नव्हती, कॅलेंडरमध्ये होती. यादी करताना प्रत्येक नावापुढे पेरणीचा महिना आपण लिहितो. तोडणीचा महिनाही लिहा, नाहीतर माझ्यासारखी कात्री घेऊन उभं राहाल. मी टाकीवरचा भाग उतरवून जाळीवर बांधला आणि सोसायटीला दिवाळीपर्यंतची मुदत मागितली.

वसुबारसेच्या आसपास पहिला तुरा आला. जांभळा. आठ-दहा दिवसांत मावाही आला. कोवळ्या शेंड्यांवर काळा थर. रोज सकाळी पाण्याचा जोरदार फवारा आणि वरून चाळलेली राख, एवढ्यावर तो आटोक्यात राहिला. राख कुठून आणली? कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांकडून. ते अजून कोळशाची इस्त्री वापरतात.

पहिली शेंग भरली तेव्हा आईला वर बोलावलं. तिने चष्मा लावून बघितलं, बोटाने कडेवरून रेघ ओढली आणि काही न बोलता खाली गेली. संध्याकाळी म्हणाली, “भाजी कधी?” सहा कोवळ्या शेंगा मी तिला दिल्या, बटाट्यात घालायला. प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन तुकडे आले. मला ती भाजी आवडली का? हो. लहानपणी का आवडायची नाही, तेही आठवलं. जरा कडसर लागते.

बाकी सगळ्या शेंगा बियाण्याला. लाल चिंधी नव्हती, म्हणून आईच्या जुन्या ओढणीच्या पट्ट्या बांधल्या. जानेवारीच्या सुरुवातीला शेंगा खुळखुळ वाजायला लागल्या, तशा काढल्या, सावलीत वाळवल्या, सोलल्या. सुरकुतलेल्या आणि भोक पडलेल्या बाजूला करून ९६ बिया.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने विचारलं, यंदा वाण म्हणून काय लुटायचं? मराठीत वाण म्हणजे पिकाची जातही आणि संक्रांतीला देतात तेही, हे तोपर्यंत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आम्ही तीन-तीन बियांच्या पुड्या केल्या. आईचं म्हणणं, आलेल्या प्रत्येकीला द्यायची. माझं म्हणणं, जिच्या बाल्कनीत निदान पाच-सहा तास ऊन येतं तिलाच. दोन दिवस वाद झाला. शेवटी मी जिन्यात येणाऱ्या प्रत्येक काकूला विचारत होते, “काकू, तुमच्याकडे ऊन कुठून येतं?” नऊ पुड्या गेल्या.

मामींच्या पाच बियांचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. पाचही उगवल्या होत्या. श्रावणात वेल कमरेएवढा झाला असताना शेजारची शेळी सुटली आणि पाचही वेल मुळापासून गेले. मामींनी हे मला डिसेंबरपर्यंत सांगितलंच नाही. फोनवर म्हणाल्या, “तुला काय तोंडानं सांगू?”

यंदाची यादी फ्रिजवर लावली आहे. घेवडा, काकडी, मिरची, अंबाडी. भेंडी काढली, आमच्या उन्हात ती काडीसारखी राहिली आणि चार दिवसांत एक शेंग द्यायची. तिच्या जागी चवळी. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी पुन्हा राजूरला निघालो आहोत. पर्समध्ये बारा बिया आहेत, आजीच्याच बाटलीत, राख घालून. शेळीला दावं बांधलं का, ते आईने फोनवर आधीच विचारून घेतलं आहे.